वर्गात सगळ्यांना कोडिंग येतं, मलाच येत नाही

कॉम्प्युटर सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न मांडायची पद्धत ज्याची त्याची असते, पण प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो. बाकीची मुलं शाळेपासून कोडिंग करत आली आहेत, मी इथे येऊन पहिल्यांदा शिकतोय, मला हे जमत नाही, म्हणजे माझी शाखाच चुकली का? एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने यावर जरा सविस्तर लिहिते. लिहायला तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मी स्वतः आधी इलेक्ट्रॉनिक्स शिकले, काही वर्षं शिकवलं आणि नंतर समुपदेशनाकडे वळले. त्यामुळे मुलांशी बोलताना मी मनाबद्दल जितकं विचारते तितकंच लॅबबद्दलही विचारते. ‘प्रोग्राम चालला नाही तेव्हा तू नेमकं काय केलंस?’ या प्रश्नाच्या उत्तरातून मला जे कळतं ते गुणपत्रिकेतून कळत नाही.

ही मुलगी जवळजवळ निर्णय घेऊनच आली होती. शाखा बदलण्याचा अर्ज भरून तयार होता, फक्त ऑफिसात द्यायचा बाकी होता. पहिल्या वर्षाचा प्रोग्रामिंगचा विषय राहिला होता. डिजिटल लॉजिकमध्ये मात्र चांगले मार्क होते, पण ते तिच्या हिशेबातच नव्हते. “त्यात काय मॅडम, नुसतं शून्य आणि एक असतं. ते कुणालाही येतं.” विषय राहिल्याचं घरी सांगितलं नव्हतं, आणि त्या ओझ्याने झोप उडाली होती.

अशा वेळी मी आधी अभ्यासाचं बोलत नाही. झोप किती लागते, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ शब्दांत विचारते. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘कधीकधी’ असं उत्तर आलं तर शाखेचा विषय बाजूला राहतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांची गाठ घालून दिली जाते. तिचं तसं नव्हतं. भीती होती, लाज होती, थकवा होता. घरी सांगायचं कसं, हे आम्ही पहिल्याच भेटीत ठरवलं आणि दुसऱ्या भेटीला येण्याआधी तिने ते सांगून टाकलं होतं. झोप त्यानंतर हळूहळू सुधारली. लपवाछपवीत किती शक्ती खर्च होते हे मुलांच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या भेटीत, आपण किती मंद आहोत याचा पुरावा म्हणून तिने लॅबमधला एक प्रसंग सांगितला. मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या कॉम्प्युटरचं, प्रॅक्टिकल होतं. बटण एकदा दाबलं की डिस्प्लेवरचा आकडा एकने वाढायला हवा, असा सोपा प्रयोग. पण एकदा दाबल्यावर आकडा कधी तीनने वाढे, कधी सातने. बहुतेकांनी आधीच्या वर्गाची जर्नलं बघून प्रोग्राममध्ये थोडा विलंब टाकला, आकडा नीट वाढू लागला, आणि ते पुढच्या प्रयोगाला लागले. ही तिथेच अडकली. प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला, वायर बदलली, बटण बदललं. शेवटी ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज क्षणाक्षणाला कसा बदलतो ते पडद्यावर दाखवणारं उपकरण, मागून घेतला आणि बटण जोडलेल्या पिनवरचा व्होल्टेज बघितला. बटण दाबल्यावर तो एकदम स्थिर होतच नव्हता. काही मिलिसेकंद वरखाली, वरखाली होत होता आणि मग थांबत होता. बटणातले धातूचे संपर्क एकमेकांवर आपटून उसळतात, त्याचा हा परिणाम. सेकंदाला लाखो सूचना पार पाडणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला त्यातली प्रत्येक उसळी म्हणजे बटण नव्याने दाबल्यासारखी दिसते. मग तिने सिग्नल २० मिलिसेकंद स्थिर राहिला तरच तो मोजायचा, असं लिहिलं. आकडा बरोबर वाढला, पण तोवर वेळ संपली होती. चारपैकी एकच प्रयोग झाला आणि मार्क तेवढेच मिळाले.

“ऑसिलोस्कोप लावायला कुणी सांगितलं होतं?” मी विचारलं.

“कुणीच नाही. प्रोग्राम तर बरोबर वाटत होता. म्हटलं, पिनवर खरंच काय येतंय ते तरी बघू.”

मी तिला हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, कारण ते बोलून ती पुढे निघाली होती आणि माझ्या मते या शिक्षणाचा गाभा त्यातच आहे. या शाखेत जे काही शिकवतात ते थरांवर थर रचलेलं असतं. सगळ्यात खाली व्होल्टेज. त्यावर लॉजिक गेट, म्हणजे शून्य-एकांवर ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ अशा क्रिया करणारी छोटी सर्किट. अमेरिकन गणिती आणि अभियंता क्लॉड शॅननने १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की बूलचं बीजगणित, म्हणजे खरं-खोटं यांचं गणित, रिलेच्या (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) सर्किटला जसंच्या तसं लागू पडतं, आणि तिथपासून हा थर पक्का झाला. मग गेटपासून बेरीज करणारं सर्किट, त्यातून प्रोसेसर, त्याच्या सूचना, ऑपरेटिंग सिस्टिम आणि सगळ्यात वर आपण लिहिलेला प्रोग्राम. वरचा थर खालच्यावर विश्वास ठेवून चालतो. तो विश्वास जिथे तुटतो तिथे एक पायरी खाली उतरून बघणारा माणूस लागतो. असा माणूस तयार करायलाच ही शाखा आहे.

मंगळावरच्या पाथफाइंडर यानाची हकीकत मी तिला तेव्हाच सांगितली. जुलै १९९७मध्ये ते यान मंगळावर उतरलं, आणि काही दिवसांतच त्यावरचा कॉम्प्युटर मधूनमधून आपोआप रीसेट होऊ लागला. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रणेवर, काय कधी चालतंय याची नोंद ठेवत, तोच बिघाड पुन्हा घडवून आणला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने एक कुलूप (सामायिक गोष्ट एका वेळी एकाच कामाने वापरावी यासाठीची सोय) धरून ठेवलेलं असायचं. तेच कुलूप एका अतिशय महत्त्वाच्या कामाला हवं असायचं, आणि मधल्या प्राधान्याची कामं चालू राहिल्यामुळे कमी प्राधान्याच्या कामाला ते सोडायची संधीच मिळत नसे. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही हे दिसलं की देखरेख करणारी यंत्रणा सगळंच रीसेट करी. दुरुस्ती म्हणजे एक सोय चालू करणं, एवढीच. ज्याच्यासाठी महत्त्वाचं काम खोळंबलंय त्याला तेवढ्यापुरतं वरचं प्राधान्य मिळावं, ही ती सोय. नवा कोड जवळपास काही लिहायचा नव्हता. सगळी मेहनत बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यात गेली.

एवढं ऐकून ती खूश झाली. पण तेवढ्यावर भेट संपवणं मला पटलं नसतं, कारण प्रोग्रामिंगचा विषय खरोखरच राहिला होता आणि कौतुकाने पेपर सुटत नाही. तिची वही मागवून बघितली. पॉइंटर आले तिथपासून पुढे समज संपून पाठांतर सुरू झालेलं होतं. सोडवलेले प्रोग्राम वाचायचे, कळल्यासारखं वाटायचं, आणि परीक्षेत एक ओळ वेगळी आली की कोरा कागद.

डिजिटल लॉजिकमध्ये तिने मेमरी शिकली होती. पत्ता नेणाऱ्या ॲड्रेस लाइन किती, पत्त्यावरून कप्पा निवडणारा डीकोडर कसा जोडायचा, कुठला पत्ता दिला की कुठला कप्पा उघडतो, हे तिने मला न अडखळता काढून दाखवलं. मग मी त्याच आकृतीत एका कप्प्यात दुसऱ्या कप्प्याचा पत्ता लिहिला आणि विचारलं, “हे काय?” ती थोडा वेळ बघत राहिली. “हाच पॉइंटर?” हाच. दोन विषय, दोन शिक्षक, दोन पेपर. दोन्हींत शिकवलेला पत्ता एकच आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या मार्कांना ती कवडीची किंमत देत नव्हती, त्यांच्यातच तिच्या अडलेल्या विषयाची किल्ली होती.

दुसऱ्या वर्षात ‘सगळं थोडंथोडं येतं, धड काहीच येत नाही’ असं वाटतं, त्याचं मोठं कारण हेच आहे, असं माझं ठाम मत आहे. अभ्यासक्रम तुकड्यांनी शिकवला जातो, सांधे विद्यार्थ्याने स्वतः जोडायचे असतात, आणि ते जुळेपर्यंत आपली बुद्धीच कमी असल्याचा भास होतो.

आता शाळेपासून कोडिंग करणाऱ्यांबद्दल. ती मुलं पुढे असतात हे खरंच आहे, ते नाकारून कुणाचं भलं होत नाही. त्यांनी काही वर्षं जास्त घालवली आहेत. पण ती आघाडी वरच्या थरावरची असते. एका मोठ्या कोष्टकातल्या आकड्यांची बेरीज ओळीने केली तर झटकन होते आणि स्तंभाने केली तर कितीतरी हळू, हे पहिल्यांदा पाहताना तीही तितकीच चक्रावतात. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही. बहुतेक प्रोसेसर एका वेळी ६४ बाइटचा तुकडा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, आणतात, म्हणजे चार बाइटचे सोळा आकडे एकदम. सी भाषेत कोष्टक ओळीने साठवलेलं असतं, त्यामुळे ओळीने गेलं की ते सोळाही उपयोगी पडतात, आणि स्तंभाने गेलं की बहुतेक वाया जातात. या गोष्टी शिकायला सगळे जवळपास एकाच जागेवरून सुरुवात करतात.

आम्ही ठरवलं ते अगदी साधं होतं. सोडवलेला प्रोग्राम वाचला की तो मिटायचा आणि कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहायचा. मेमरीचे कप्पे काढल्याशिवाय पॉइंटरचं गणित सोडवायचं नाही. अडलं तर अर्धा तास एकटीने झटायचं, त्यानंतर विचारायचं. विचारण्याआधी काय अपेक्षित होतं, काय घडलं आणि काय काय तपासून झालं, हे कागदावर लिहायचं. तिचं खरं दुखणं या शेवटच्या गोष्टीत होतं. विचारलं तर आपल्याला येत नाही हे उघडं पडेल, म्हणून ती तासन्‌तास एकटी बसून राहायची. आणि लॅबमध्ये आधी सगळे प्रयोग पूर्ण करायचे, विलंब टाकून का होईना. कारण शोधायचं ते नंतर, वेळ मागून घेऊन. कुतूहल जपायलाच हवं, पण जर्नल कोरं ठेवून ते जपता येत नाही.

मधे एकदा तिने विचारलं, “मॅडम, आता कोड यंत्रच लिहून देतं. मग मी हे शिकून काय करू?” दहा वर्षांनी कुठल्या नोकऱ्या असतील याचं आश्वासन मी कुणालाही देत नाही. बटणाचा प्रोग्राम यंत्र लिहून देईल, विलंबासकट देईल. पण समोरच्या पिनवर काय येतंय ते बघायचं कुणाला तरी सुचावं लागतं. आणि शिकण्याच्या काळात यंत्राकडून उत्तर लिहून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवणंच आहे.

प्रत्येकाने याच शाखेत टिकून राहावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. एका मुलाचा प्रोग्रामिंगचा हात उत्तम होता, मार्क उत्तम होते, पण काही बिघडलं की त्याला मनापासून चीड यायची. कारण शोधण्यात त्याला कणभरही रस नव्हता, आणि बोलण्यात सतत संभाव्यता आणि आकडेवारी यायची. तो संख्याशास्त्राकडे गेला. त्याच्या बाबतीत शाखा बदलणं हाच शहाणा निर्णय होता.

या मुलीला मी अर्ज फाडायला सांगितलं नाही. फेरपरीक्षेच्या निकालापर्यंत तो द्यायचाही नाही आणि फाडायचाही नाही, एवढंच ठरलं. ती पास झाली. मार्क जेमतेम मिळाले, कोडिंगच्या स्पर्धेत आजही ती मागेच राहते, आणि त्याचं तिला वाईटही वाटतं. अर्जाचा विषय तिने नंतर काढला नाही, मीही काढला नाही. सध्या तिच्यापुढे पुढच्या वर्षाच्या ऐच्छिक विषयांचा प्रश्न आहे. मैत्रिणी वेब डेव्हलपमेंटकडे निघाल्या आहेत, हिला एम्बेडेड सिस्टिम्स (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे कॉम्प्युटर) हा विषय घ्यावासा वाटतो, पण त्या विषयात बरोबर ओळखीचं कुणी नसेल याची धास्ती आहे. दोन्ही विषयांच्या शिक्षकांना भेट, मागच्या वर्षीच्या प्रॅक्टिकलची यादी घेऊन ये, मग आपण बोलू, असं मी तिला सांगितलं आहे.