फादरांचीच श्रद्धा डळमळली तर?

प्रश्न : आमच्या फादरांनी परवा प्रवचनात सांगितलं, की दोन वर्षं झाली, प्रार्थनेला बसल्यावर देव आहे असं त्यांना जाणवतच नाही. मी हादरले. याच काळात त्यांनी माझ्या मुलीला बाप्तिस्मा दिला. तो खरा धरायचा का? आणि फादर, तुमच्यावर अशी वेळ कधी आली का? – एक वाचक

उत्तर : ताई, मुलीच्या बाप्तिस्म्याची काळजी सोडा. हा वाद चर्चमध्ये चौथ्या शतकातच पेटला होता. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या दिवसांत ज्यांनी घाबरून धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, अशांनी दिलेले संस्कार बाद, असं उत्तर आफ्रिकेतले डोनाटसपंथीय म्हणत. संत ऑगस्टिन यांनी ते खोडून काढलं. बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त. धर्मगुरूचे नुसते हात. फादरांचं मन कोरडं होतं म्हणून पाणी कमी ओलं होत नाही.

दुसऱ्या प्रश्नामुळे तुमचं पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं.

माझ्या गुरुदीक्षेला, म्हणजे मी धर्मगुरू झालो त्याला, तेव्हा अकरा वर्षं झाली होती. सहा वर्षांच्या एका मुलाचा अंत्यविधी होता. शवपेटी एवढीशी, की वडिलांनी एकट्यानंच उचलली. कबरीपाशी त्यांनी विचारलं, "फादर, आता कुठे असेल हो तो?" मी पाठ असलेलं उत्तर दिलं. ते मान हलवत ऐकत होते, आणि मला वाटत होतं, मी या माणसाला फसवतोय.

पुढची जवळजवळ तीन वर्षं तशीच गेली. रोजच्या नेमलेल्या प्रार्थना आम्हाला बंधनकारक असतात, म्हणून ओठ हलायचे, इतकंच. ब्रह्मचर्य म्हटलं की लोकांना शरीरच आठवतं. मला जड गेली ती संध्याकाळ. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की सगळे आपापल्या घरी जातात आणि आपण आतून कडी लावतो. पापनिवेदनात ऐकलेलं तर जीव गेला तरी कुणापाशी काढायचं नाही.

धर्मगुरूला स्वतःच स्वतःला पापक्षमा देता येत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं. एका वृद्ध फादरांपुढे जाऊन गुडघे टेकले. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे 'मला प्रार्थना करता येत नाही' हे जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, "झोप किती होते?" मला रागच आला. मग म्हणाले, "स्तोत्र 88 वाच." बायबलमधली बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे अंधारातच संपतं. शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते असतंच. शेकडो वेळा म्हटलं होतं, वाचलं त्या रात्री पहिल्यांदा. देवाला असंही बोलता येतं तर!

2007 साली मदर तेरेसांची पत्रं प्रसिद्ध झाली. कितीतरी वर्षं त्याही अशाच अंधारात होत्या, हे वाचून अनेकांना धक्का बसला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

पूर्वीसारखं सगळं परत आलं का? नाही. मधूनच येतं, थोडा वेळ थांबतं. मिस्सा मात्र एकही दिवस चुकली नाही.

तुमच्या फादरांना धीर देणारी वचनं वगैरे पाठवू नका. ती त्यांना पाठ आहेत. एखाद्या दिवशी मिस्सेनंतर थोडं मागे थांबा आणि विचारा, झोप लागते का म्हणून.