तिकीट युनायटेडचं, पण खाली ‘स्कायवेस्ट’ असं का लिहिलंय?

घाबरू नका, फसवणूक नाही. स्कायवेस्ट ही अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या सेंट जॉर्ज गावची १९७२ सालची विमान कंपनी. ती युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का या चार मोठ्या विमान कंपन्यांसाठी छोट्या गावांतून मोठ्या विमानतळांवर प्रवासी आणून सोडते. विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचं; वैमानिक, कर्मचारी स्कायवेस्टचे. बहुतेक करारांत तिकिटाचा दर आणि वेळापत्रक मोठी कंपनी ठरवते, इंधनाचा खर्चही तिचाच. स्कायवेस्टला फेरीमागे ठरलेले पैसे मिळतात, विमान भरो वा रिकामं जावो. थोडक्यात, एसटीने भाड्याने घेतलेली खासगी शिवशाही!

मग मोठ्या कंपन्या स्वतःच का उडवत नाहीत? खर्च. त्यांच्या वैमानिकांचे पगार जास्त. पण या वैमानिकांच्या संघटनांनीही करारात मेख मारून ठेवली आहे: बाहेरून चालवायच्या विमानात साधारण ७६ पेक्षा जास्त आसनं नकोत. म्हणून ही विमानं लहान.

पन्नास आसनी विमान असेल तर चाकांची केबिन बॅग वर मावत नाही, दाराशीच काढून घेतात. औषधं, पासपोर्ट आधीच खिशात किंवा पर्समध्ये ठेवा.