पाच रोबोंची भेट कुठे ठरवायची?

प्रश्न : आमच्याकडे चाकांवर फिरणारे पाच सारखे रोबो आहेत. त्यांच्यात म्होरक्या कुणी नाही. प्रत्येक जण बाकीच्यांच्या जागा पाहतो, सगळ्यांची सरासरी काढतो आणि तिकडे निघतो. पण ठरलेली जागा सारखी सरकते. दोनच रोबोंना 'समोरच्याच्या जागी जा' सांगितलं, तर त्यांनी चक्क जागांची अदलाबदल केली! काय करावं?

उत्तर : सरासरी सोडा. मीही आधी तिलाच भुलले होते.

एका सरळ रेषेवर चार रोबो 0 वर खेटून उभे आहेत आणि पाचवा 10 मीटरवर, असं समजा. सरासरी येते 2. पण सगळे सारख्या वेगाने निघाले की चौघांची ओढ एकट्याला भारी पडते. दर वेळी नव्याने हिशोब केलात, तर तो 2 सरकत सरकत 5 वर जातो आणि भेट तिथे होते.

आधी सांगा, वाचवायचंय काय? वेळ वाचवायचा तर सगळ्यांना सामावणाऱ्या सर्वांत लहान वर्तुळाचं केंद्र धरा. इथे ते 5. कुणालाच 5 मीटरपेक्षा जास्त चालावं लागत नाही, पण एकूण चाल 25 मीटर. बॅटरी वाचवायची तर अंतरांची बेरीज सर्वांत कमी करणारा बिंदू घ्या, म्हणजे इथे 0. एकूण चाल फक्त 10 मीटर, पण पाचव्याची वाट पाहायची. सगळे सरळ त्याच्याकडे चालले तर हा बिंदू जागचा हलत नाही, म्हणून मला तो आवडतो. पाच रोबोंसाठी त्याचं सरळ सूत्र मात्र नाही; गणितज्ञ वाइसफेल्डच्या 1937 च्या पद्धतीने अंदाज सुधारत जा. तिच्यात अंदाजापासून प्रत्येक रोबोच्या अंतराने भागावं लागतं; अंदाज एखाद्या रोबोच्याच जागेवर आला की शून्याने भागाकार होतो, तेवढं सांभाळा.

दोघांचं दुखणं जुनंच आहे. 'मध्यावर जा' सांगितलं आणि दर खेपेला दोघांपैकी एकच जण जागा होऊन हलला, तर अंतर निम्मं होत राहतं, शून्य कधीच होत नाही. स्मरणशक्ती नाही, दिशेवर एकमत नाही, जागं होण्याची वेळही एक नाही, अशा दोघांना हमखास भेटवणारा ठरावीक नियम असूच शकत नाही, हे सुझुकी आणि यामाशिता या संशोधकांनी 1999 मध्ये सिद्ध केलं. होकायंत्र लावा : पश्चिमेकडच्याने थांबायचं, दुसऱ्याने यायचं. दोघे उत्तर-दक्षिण रेषेत असतील तर दक्षिणेकडच्याने थांबायचं.

आणि शून्य अंतराचा हट्ट नको, रोबोला अंग असतं. माझे तीन रोबो रात्रभर एकमेकांना ढकलत होते. सकाळी बॅटऱ्या संपलेल्या आणि फरशीवर रबराचे काळे ओरखडे. आता ठरलेला बिंदू रोबोच्या रुंदीच्या दुपटीवर आला की चाकं बंद करते.