‘मि प्याचे’ म्हणजे ‘मला आवडते’: इटालियनची तयारी मराठीतून

तुमचे पत्र वाचले. तुम्ही टेक्स्टाइल डिझाइनच्या तिसऱ्या वर्षात आहात, पुढे इटलीत पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार आहे, आठ महिने एकही दिवस न चुकवता मोबाइल ॲपवर इटालियनचे धडे गिरवले आहेत, आणि तरीही एका इटालियन पाहुण्या प्राध्यापकांसमोर स्वतःची ओळख करून देणारी दोन वाक्येसुद्धा तोंडून निघाली नाहीत. अभ्यासक्रम इंग्रजीतूनच मिळणार असेल तर हा खटाटोप सोडून द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

केवळ प्रवेशापुरते पाहिले तर सोडला तरी अडणार नाही. मिलानच्या पॉलितेक्निकोसह अनेक विद्यापीठांत डिझाइनचे पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात. परंतु तुमच्या विषयाचे खरे शिक्षण वर्गाबाहेर आहे: कोमोचे रेशीम, बिएल्लाची उंची लोकर, जुने लोकरी कपडे पिंजून त्यांतून पुन्हा सूत काढणारे प्रातोचे कारखाने. यांतले बरेचसे व्यवसाय लहान आणि पिढीजात आहेत, आणि मागावर काम करणारा कारागीर आपले कसब तुम्हाला इंग्रजीतून समजावून सांगेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. इंटर्नशिप तिथे करायची असेल तर इटालियन हवीच. नुसत्या भाषेवर मात्र करिअर उभे राहणे अवघड असते. तिला डिझाइनची जोड आहे म्हणूनच मी तुम्हाला ती शिका असे सांगतो आहे.

आता न फुटलेल्या तोंडाविषयी. माझ्या मते तुमची मुख्य अडचण ही की तुम्ही ही भाषा इंग्रजीच्या चष्म्यातून शिकत आहात, कारण ॲपवरचे स्पष्टीकरण इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेले असते. ‘मि प्याचे’ ही रचना इंग्रजी भाषकांना उलटी वाटते आणि तिच्यावर धडेच्या धडे खर्ची पडतात. मराठी माणसासाठी ती सरळ ‘मला आवडते’ आहे, आणि आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की ‘आवडतात’प्रमाणे ‘प्याच्चोनो’ होते. क्रियापदावरूनच कर्ता कळत असल्याने ‘मी’, ‘तू’ गाळण्याची सवयही दोन्हीकडे सारखीच. ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यांतला भेद तुम्ही लहानपणापासून करत आला आहात. इटालियनमध्ये तोच ‘सोनो आन्दाता’ आणि ‘सोनो आन्दातो’ असा होतो. ‘चिठ्ठी? ती वाचली’ या वाक्यात क्रियापद चिठ्ठीच्या लिंगाप्रमाणे चालते, तसेच ‘लो लेत्ता’मध्येही (‘मी ती वाचली’) चालते, मात्र कर्मासाठी आलेले सर्वनाम क्रियापदाच्या आधी असेल तरच, एरवी नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

उच्चारांतही तुम्ही पुढे आहात. इटालियन ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत, इंग्रजी वळणाचे ‘ट’ आणि ‘ड’ नव्हेत. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही, ‘चाओ’त पहिला आहे आणि ‘ग्रात्सिए’त दुसरा. जोडाक्षर मात्र पूर्ण दाबून उच्चारावे. ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी आणि ‘कापेल्लो’ म्हणजे डोक्यावरचा एक केस. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा आणि ‘नोनो’ म्हणजे नववा.

मराठी दगा देते ती लिंगाच्या बाबतीत. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची ‘लूना’ स्त्रीलिंगी. आपल्या नपुंसकलिंगाला तर तिकडे जागाच नाही. शिवाय ‘ए’ने संपणाऱ्या नामांवरून काहीच कळत नाही: पूल ‘इल पोन्ते’, तर रात्र ‘ला नोत्ते’. म्हणून वहीत नाम कधीही एकटे लिहू नये, उपपदासहच (‘इल’ किंवा ‘ला’सह) लिहावे. आपण विभक्तीप्रत्यय नामानंतर लावतो, ते नामाच्या आधी लावतात आणि उपपदात मिसळून टाकतात (‘दि’ आणि ‘इल’ मिळून ‘देल’), याची सवय व्हायला काही महिने जातात आणि ते जाऊ द्यावेत.

ॲप टाकून देऊ नका, पण त्याला रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. आठवड्यातून दोनदा शिक्षकासमोर किंवा सहाध्यायीसमोर बोलायचेच, हा नियम पाळावा. उरलेल्या दिवशी राई या सरकारी प्रसारण संस्थेच्या रेडिओ कार्यक्रमातील एका मिनिटाचा तुकडा घेऊन त्याचे श्रुतलेखन करावे. इटालियनचे लेखन बव्हंशी उच्चारानुसार असल्याने चूक कुठे झाली ते लगेच सापडते, आणि ती बहुतेक वेळा निसटलेल्या जोडाक्षराची असते. शब्दसंग्रहाचे दडपण घेऊ नये. भाषाशास्त्रज्ञ तुल्लियो दे माउरो यांनी रोजच्या व्यवहाराची जी मूलभूत यादी केली तिच्यात सुमारे 7000 शब्द आहेत, आणि त्यांतले सर्वाधिक वापराचे 2000 तुमचे पहिले उद्दिष्ट असावे. अडलेल्या शब्दासाठी त्रेक्कानीचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रमाणपत्राविषयीही तुम्ही विचारले आहे. सिएनाच्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठाची चिल्स, पेरुज्याच्या तशाच विद्यापीठाची चेली आणि दान्ते अलिघिएरी सोसायटीची प्लिदा या तिन्ही परीक्षा मान्यताप्राप्त आहेत. जवळच्या केंद्रावर जी होते ती द्यावी. इटालियनमधून चालणाऱ्या अभ्यासक्रमासाठी साधारणपणे बी-2 पातळी मागतात (भाषेच्या युरोपीय पातळ्या ए-1 पासून सी-2 पर्यंत चढत जातात). तुमच्यासाठी दोन वर्षांत बी-1 पक्की करणे हे अधिक शहाणपणाचे ठरेल.

प्राध्यापकांशी किंवा कारखान्याच्या मालकांशी बोलताना सुरुवात ‘लेई’ने करावी. शब्दशः तो ‘ती’ असला तरी काम आपल्या ‘आपण’चे करतो; ‘तू’वर यायचे की नाही हे वयाने मोठ्या माणसाला ठरवू द्यावे.

त्या दिवशी न सुचलेली वाक्ये ही अशी: ‘सोनो ऊना स्तुदेन्तेस्सा दी डिझाइन तेस्सीले. मि प्याच्चोनो इ तेस्सूती दी कोमो.’ (मी टेक्स्टाइल डिझाइनची विद्यार्थिनी आहे. मला कोमोची कापडे आवडतात.) आज ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. ‘तेस्सूती’तला जोड स आणि ‘प्याच्चोनो’तला जोड च स्पष्ट ऐकू आले, तर त्या प्राध्यापकांना याच दोन वाक्यांनी सुरू होणारा ईमेल पाठवायला हरकत नाही.