उचलीची वही आधी नीट करा

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, 24 कामगार, बहुतेक डझनावर मजुरी घेणारे. नव्या श्रम संहितांमुळे पगाराची मांडणी बदलावी लागेल का आणि पीएफ किती वाढेल?

पीएफचं आधी सांगतो, कारण भीती त्याचीच जास्त पसरली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार संहिता लागू झाल्या, जुने 29 कायदे त्यांत सामावले. आता घरभाडं, प्रवास असे वेतनात न धरले जाणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. डझनावरच्या माणसाला असे भत्ते तुम्ही देत नसालच, त्याची सगळी मजुरी आधीपासून वेतनच आहे. प्रश्न येतो मुनीम, सुपरवायझर यांचा. समजा पगार 24,000, त्यात बेसिक-डीए 10,000 आणि भत्ते 14,000. निम्मे 12,000, म्हणजे 2,000 वेतनात येतील. पीएफ 12,000 वर बसेल, 12 टक्क्यांनी तुमचे 240 आणि त्याचे 240 वाढतील. ज्यांचा पीएफ आधीच 15,000 च्या मर्यादेवर भरता, त्यांचं काही हलत नाही.

मला काळजी वाटते ती उचलीची, म्हणजे मजुरीवर आगाऊ दिलेल्या पैशांची.

मी वीस वर्षं एका टॉवेल कारखान्याचा पगार सांभाळतोय. आमच्याकडे अकरा वर्षं माग चालवलेला एक कामगार दसऱ्यानंतर काम सोडून गेला. मालक म्हणाले, उचलीचे 9,000 बाकी आहेत. तो म्हणाला, गेल्या दिवाळीलाच फिटली. वही उघडली तर दर शनिवारची कपात पेन्सिलीने लिहिलेली, कुठे अंगठा, कुठे नुसती फुली, दोन पानं तेलाने चिकटलेली. काहीच ठरेना. त्याचा शेवटचा पगार आम्ही दोन महिने अडवून ठेवला. त्याच्या मुलीची फी भरायची होती, हे मला माहीत होतं. ते आजही बोचतं.

आता तसं करताच येणार नाही. माणूस स्वतः सोडून जावो की तुम्ही काढा, वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करायचं. उचल कापता येते, पण त्या पगारातल्या सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नये. कामगाराला तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो, आणि वेतन संहितेच्या कलम 59 प्रमाणे पैसे दिल्याचं सिद्ध करायचं ते मालकाने. म्हणून प्रत्येकाला वेगळं पान, तारीख, रक्कम, बाकी, सगळं पेनने, दोघांच्या सह्या, आणि एक प्रत त्याच्या हातात.

नेमणूकपत्र आता प्रत्येकाला द्यावंच लागतं. त्यात डझनाचा दर आणि पगाराचा वार लिहा. पूर्व भागातले बरेच कामगार घरी तेलुगू बोलतात. सही घेण्याआधी त्यांना तेलुगूत समजावून सांगा. आठवड्याचा पगार असेल तर तो सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशीच.

ग्रॅच्युइटीला कायम कामगाराची पाच वर्षं तशीच आहेत, ठरावीक मुदतीच्या करारावरच्याला मात्र एका वर्षानंतर हक्क मिळतो. डझनावरच्या माणसाची ग्रॅच्युइटी शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर निघते, ओव्हरटाइम वगळून.

आणखी एक. विजेवर चालणाऱ्या जागेला कायद्याने 'कारखाना' धरण्याची मर्यादा आता 20 कामगारांची आहे. 'सहा जण घरच्यांच्या नावच्या फर्मवर दाखवा' असं कुणी सुचवेल, त्याचं ऐकू नका. मे 2025 मध्ये याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जीव गेले. सुरक्षेच्या तरतुदी चुकवण्यासाठी माणसं कागदावरून कमी करणं आपल्या गावात तरी कुणी करू नये.

येत्या पगाराआधी एकेकाला समोर बसवून बाकी ठरवा. आकडा जुळला नाही आणि वहीत सही नसेल, तर त्याचाच आकडा धरा. आम्हीही शेवटी तेच केलं, पण दोन महिने उशिरा.