दुर्लक्षित राहिलेल्या कोणत्या रॉक अल्बमला 'क्लासिक' म्हणावं?

माझं मत द झॉम्बीज या ब्रिटिश बँडच्या 'ओडेसी अँड ओरॅकल'ला. १९६८ साली तो बाजारात आला तेव्हा बँड आधीच फुटला होता. मुखपृष्ठ काढणाऱ्याने 'ओडिसी'चं स्पेलिंगही चुकवलं, ते तसंच राहिलं. त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' १९६९ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, पण तोवर गायला बँडच उरला नव्हता!

पहिलंच गाणं ऐका, 'केअर ऑफ सेल ४४'. पियानो एवढा हसरा की वाटतं कोणी सुट्टीवरून घरी येतंय. शब्दांकडे नीट लक्ष दिलं की कळतं, गाणाऱ्याची प्रेयसी तुरुंगातून सुटून येतेय. मी हे मालवणात भर पावसात, लाइट गेलेली असताना मोबाइलवर ऐकलं आणि लगेच पुन्हा लावलं. (कॅसेट असती तर इथल्या दमट हवेत तिला कधीच बुरशी आली असती.)

आमच्या कट्ट्यावरचा एक मित्र मात्र ऐकत नाही. "मेल्या, आता सगळेच त्याचा नाव घेतत, मगे दुर्लक्षित कसलो?" मुद्दा बरोबर आहे. त्याचं मत बिग स्टार या अमेरिकन बँडच्या 'नंबर वन रेकॉर्ड'ला, १९७२. समीक्षकांनी वाखाणलेला, पण वितरण एवढं गचाळ की दुकानात रेकॉर्डच मिळेना. त्यातलं 'थर्टीन' शाळकरी प्रेमाचं आहे, नुसती गिटार आणि आवाज. ते एक गाणं मलाही हरवतं. अख्खा अल्बम म्हणाल तर मी झॉम्बीजवरच अडून.