डॉलर वर-खाली झाला की मोठ्या कंपन्यांना फटका बसत नाही का?

तुम्ही विचारलंय की गावातला खेडा खरेदीवाला "डॉलर पडला, न्यूयॉर्क पडलं" म्हणत कापसाच्या भावात दोनशे रुपये पाडतो, मग वीस देशांत धंदा करणाऱ्या कंपन्या हे रोजचं कसं निभावतात? प्रश्न कापसापासून सुरू केलात हे बरं झालं. मी हिंगणघाट तालुक्यातला. बारा वर्षं पुण्यात एका जर्मन कंपनीच्या भारतातल्या शाखेत परकीय चलनाचं काम बघितलं. आता गावी शेती आहे, सोबत दोन जिनिंगवाल्यांचे हिशोब लिहितो.

आधी तुमच्या खरेदीवाल्याला तपासू, कारण तो सगळंच खोटं बोलत नाही. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव पौंडाला सेंटमध्ये निघतो. समजा 80 सेंट. आपली खंडी 356 किलोची, म्हणजे साधारण 784 पौंड. तिचे झाले 627 डॉलर. डॉलर 85 चा 84 झाला, तर न्यूयॉर्क जागचं न हलता खंडीमागे 627 रुपये कमी. 34 टक्के उतारा, म्हणजे शंभर किलो कापसातून 34 किलो रुई, धरला तर एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे डॉलरच्या एका रुपयाला आपल्या क्विंटलमागे साठ रुपये. मध्ये सरकीचा भाव, आयात शुल्क, सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी येते, त्यामुळे बाजार इतका सरळ चालत नाही. पण डॉलर चार आण्यांनी उतरला आणि त्याच्या नावावर कोणी दोनशे कापत असेल, तर बाकीचे कशाचे कापले ते जरूर विचारा.

हा हिशोब मी पानठेल्यावर मांडला तेव्हा आमचे काका म्हणाले, "न्यूयार्क आपल्या कोन्या तालुक्यात येते बापा?"

आता कंपन्यांकडे. पुण्याला जायच्या आधी मला वाटायचं, तिथे कोणी हुशार माणूस बसून डॉलर कुठे जाणार ते सांगत असेल. तसा कोणी नव्हता. डॉलरचा अंदाज लावायचा नाही, हाच आमच्याकडचा पहिला नियम. आधी बघायचं ते हे, की येणं आणि देणं एकमेकांत वळतं केल्यावर उरतं किती. सोसायटीवाला कर्जाचा हप्ता चुकाऱ्यातून वळता करून घेतो, तसंच. समूहातल्या एका शाखेला अमेरिकेकडून डॉलर यायचे असतात, दुसरीला तांब्यासाठी डॉलर द्यायचे असतात. दोघींनी आपापल्या बँकेत जाऊन एकीने विकायचे आणि दुसरीने घ्यायचे, म्हणजे बँकेला दोनदा कमिशन. त्यापेक्षा महिनाअखेरीला सगळ्यांची बिलं मुख्य कचेरीत एकत्र मांडतात आणि प्रत्येक शाखेला एकच आकडा कळवतात : इतके द्या, किंवा इतके घ्या. उरलेल्या छोट्या आकड्यापुरतंच बाजारात जायचं. भारतात फेमा या परकीय चलनाच्या कायद्यामुळे हे इतकं मोकळं नाही, म्हणून आमच्या शाखेला बरेचसे सौदे इथल्याच बँकेशी करावे लागत.

वळतं करण्याचा मोठा प्रकार म्हणजे कारखानाच तिकडे नेणं. बीएमडब्ल्यूचा अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला कारखाना आहे, 1994 पासून तिथे गाड्या निघतात. गाडी डॉलरमध्ये विकायची तर मजुरीही डॉलरमध्येच दिलेली बरी. कारण हे एकटंच नव्हतं, पण हा फायदा मोठा.

कर्जाचंही तसंच. माझ्या मावसभावाने मला एकदा खिंडीत गाठलं होतं, "जर्मनीत दोन-तीन टक्क्यांनी पैसा मिळतो म्हणतोस, मग तुमची कंपनी इथे दहा टक्के कशाला मोजते?" कारण कमाई रुपयात होती. युरोत कर्ज घेतलं आणि फेडायच्या वेळी युरो महागला, तर वाचलेलं व्याज तर जातंच, वर मुद्दलही फुगतं. बरं, युरोचा भाव आजच बांधून घेतला, तर तो बांधायला जवळपास तेवढेच पैसे लागतात जेवढे व्याजात वाचले. फुकट काही मिळत नाही.

याचं कारण वायद्याच्या, म्हणजे पुढच्या तारखेच्या व्यवहारासाठी आजच ठरवलेल्या, भावातच आहे, आणि इथे भलेभले चुकतात. समजा आज डॉलर 85, भारतात व्याज साडेसहा टक्के आणि अमेरिकेत साडेचार. बँक वर्षानंतरच्या डॉलरचा भाव 86 रुपये 60 पैशांच्या आसपास सांगेल. लोकांना वाटतं, बँकेला डॉलर तिथे जाणार असं दिसतंय. तसं नाही. तो फक्त दोन देशांच्या व्याजातला फरक आहे. निर्यातदाराला हा फरक वर मिळतो, आयातदाराला तो द्यावा लागतो.

वायद्याचा सौदा दोघांनाही बांधून टाकतो. सुटायची वाट हवी असेल तर ऑप्शन असतो. त्याला मी इसार म्हणतो. प्लॉटचा भाव ठरला, इसार दिला, पुढे तसाच प्लॉट स्वस्तात मिळाला तर इसार सोडायचा आणि तो घ्यायचा. ऑप्शनचा प्रीमियम असाच जातो. इसार घेत नाही म्हणणाऱ्यापासून मात्र जपून राहावं. 2007 च्या अखेरीस डॉलर 39 च्या घरात आला होता, तेव्हा तिरुपूरच्या होजिअरीवाल्यांसारख्या कितीतरी निर्यातदारांनी वरून फुकट दिसणारे गुंतागुंतीचे सौदे बँकांशी केले. काहींचे भाव तर डॉलर आणि स्विस फ्रँकवर बांधलेले. माल अमेरिकेला, गाव तामिळनाडूत, स्विस फ्रँकचा संबंध काय? 2008 मध्ये बाजार उलटला आणि प्रकरणं कोर्टात गेली.

आमच्याकडे मोठं नुकसान झालं ते बाजाराच्या चुकीने नाही, कागदाच्या चुकीने. मे 2013 मध्ये खरेदी विभागाने चार लाख डॉलरची मशीन मागवली, तेव्हा डॉलर 54 च्या आसपास. आम्हाला कळलं ते बिल आल्यावर, ऑगस्टच्या शेवटी. त्या 28 ऑगस्टला डॉलर 68 च्याही वर गेला होता. आम्ही पैसे भरले ते 66 च्या भावाने. 2 कोटी 16 लाखांची मशीन 2 कोटी 64 लाखांना पडली. खरेदीवाले म्हणाले, बिलच आलं नव्हतं तर कळवणार काय? पण धोका बिलापासून सुरू होत नाही. तो ऑर्डरवर सही केली त्या दिवशीच अंगावर येतो. आपण जूनमध्ये सरकी टोबतो तेव्हाच दिवाळीच्या भावाशी बांधले जातो ना, तसा. त्यानंतर एक लाख डॉलरच्या वरची ऑर्डर आमच्या टेबलावरून गेल्याशिवाय निघायची नाही.

भाव बांधला म्हणून बोलणी खाणं टळतं असंही नाही. 1985 मध्ये लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीने बोइंगकडे 50 कोटी डॉलरची 20 विमानं मागवली, पैसे वर्षाने द्यायचे. डॉलर आणखी चढेल या भीतीने निम्म्या रकमेचा भाव 3.2 मार्कला (मार्क म्हणजे जर्मनीचं तेव्हाचं चलन) बांधला. वर्षभरात डॉलर 2.3 मार्कवर आला. काहीच केलं नसतं तर साडेबावीस कोटी मार्क वाचले असते, म्हणून कंपनीच्या प्रमुखावर मोठा गहजब झाला. मला ती टीका अर्धवट वाटते. निकाल बघून सौद्याला नावं ठेवणं सोपं आहे. खरा प्रश्न वेगळा होता. लुफ्तान्साला तिकिटांचे डॉलर येतच होते. डॉलर स्वस्त झाला की कमाई घटणार आणि विमानंही स्वस्त पडणार. मग बांधायला उरलं होतं किती? म्हणजे परत वळतं करून उरतं किती, यावरच येतो.

वर्षअखेरीला परदेशातल्या शाखांचे आकडे मूळ चलनात बदलताना जो नफा-तोटा दिसतो, त्याचा बाऊ करू नका. तो बहुतेक कागदावरचाच असतो.

पण एक धोका असा आहे की त्यावर बँकेकडे औषध नाही. ब्राझील आता अमेरिकेला मागे टाकून कापसाचा सगळ्यात मोठा निर्यातदार झालाय. तिथलं चलन रिआल पडलं की त्यांचा व्यापारी डॉलरमध्ये स्वस्त विकूनही घरी तेवढेच रिआल नेतो. आपल्या शेतकऱ्याने रिआलची नोट बघितलेली नाही, ब्राझीलशी त्याचा कागद नाही, तरी त्याच्या क्विंटलवर त्याचा भार पडतो. कागदच नसेल तर बँक वायदा कशाचा करणार? कंपन्याही इथे हतबल असतात. फार तर माल बदलतात, गिऱ्हाईक बदलतात.

तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय : मग शेतकऱ्याने वायदा का करू नये? एमसीएक्स या मुंबईच्या वायदे बाजारात रुईचा वायदा आहे, पण एक सौदा 48 खंडींचा. म्हणजे पाचशे क्विंटल कापूस. पाच एकरवाल्याला पन्नास क्विंटल झाले तरी तो गावभर सांगतो. मोठ्या कंपनीने आपला धोका बँकेला दिला, बँकेने पुढे विकला, सूतगिरणीने भावात धरला, जिनिंगवाल्याने खरेदीवाल्यावर टाकला, आणि खरेदीवाला तुमच्या दारात उभा आहे. त्याच्या पुढे कोणी नाही.

आमचे काका पहिला वेचा कृषी केंद्राच्या उधारीसाठी दिवाळीआधी मोडतात, दुसरा संक्रांतीच्या सुमाराला, आणि उरलेला घरात ठेवतात, जमलं तर मार्चपर्यंत. पुण्यात आम्ही येत्या तीन महिन्यांच्या डॉलरपैकी पाऊण हिस्सा बांधायचो, त्यापुढच्या तिमाहीचा निम्मा, त्यापुढचा पाव. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग तुले पगार कायचा देत होते?"